गव्हाचा अपराध

१८८८ सालीं लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनीं सीलिअ‍ॅक रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मूल खातें, परंतु अन्न अंगीं लागत नाहीं. हातपाय वाळतात, पोट फुगतें, मळ फिकट व विपुल होतो. रोगी बरा झालाच तर तो आहारानेंच होईल, हें गी यांनीं बरोबर ताडलें. मात्र त्यांनीं भात वर्ज्य ठरविला आणि पावाचे पातळ, भाजलेले तुकडे देण्यास मोकळीक ठेविली! एक मूल रोज हॉलंडच्या शिंपल्यांतील मांस खाऊन चांगलें पोसलें व शिंपल्यांचा हंगाम सरतांच पुन्हां खंगलें, ही नोंदही त्यांचीच.

पावावरचा संशय पुढें हॉलंडांतच बळावला. हेग येथील बालरुग्णालयाचे डॉ. विलेम डिके यांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वींच कांहीं मुलांचा गहूं बंद करून पाहिला होता. १९४१ सालीं त्यांनीं साध्या पथ्यावर लेखही लिहिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, जर्मन अंमलाखालीं, पश्चिम हॉलंडांत दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. इतर मुलें रोडावत असतां हीं मुलें सुधारलीं व पाव परत येतांच बिघडलीं, असें सांगतात. तथापि शोधाचें सारें श्रेय दुष्काळास देणें अन्यायाचें आहे. खरा पुरावा डिके यांनीं रुग्णशय्येपाशीं जमविला : तेंच मूल, कधीं गव्हावर, कधीं गव्हावांचून, आणि दर वेळीं मळांतील स्निग्धांशाचें मोजमाप. किळसवाणें काम, पण त्यावांचून गत्यंतर नव्हतें. १९५० सालीं उट्रेख्ट येथें त्यांचा प्रबंध सिद्ध झाला. गव्हांतील पिष्ट निरुपद्रवी; मळलेली कणीक पाण्यांत धुतल्यावर हातीं राहणारा चिकट गोळा, म्हणजे ग्लुटेन, तो अपराधी, हें त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांनीं ठरलें. १९५४ सालीं इंग्लंडांत डॉ. पॉली यांनीं अशा रोग्यांच्या लहान आंतड्याच्या अस्तरांतील दाह दाखवून दिला.

या दाहाची एक खूण पुढें मूत्रांत सांपडली. नायट्रिक ऑक्साइड हा वायु शरीर अल्प प्रमाणांत स्वतःच तयार करतें व त्यानें रक्तवाहिन्या सैल होतात; या शोधास १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दाह झालेल्या आंतड्यांत मात्र तो फार मोठ्या प्रमाणांत निर्माण होतो, आणि त्यापासून होणारीं नायट्राइट व नायट्रेट हीं द्रव्यें मूत्रावाटे बाहेर पडतात. त्याच वर्षीं स्वीडनमधील वैद्यांना उपचार न झालेल्या सीलिअ‍ॅक मुलांच्या मूत्रांत हीं द्रव्यें पुष्कळ वाढलेलीं आढळलीं.

उपाय अद्यापि डिके यांचाच आहे. गहूं, राय व सातू बंद. ज्वारी, बाजरी आणि गी यांनीं नाकारलेला भात चालतो.