कर्णा ध्वनिक्षेपक

कर्णा ध्वनिक्षेपक किंवा हॉर्न स्पीकर म्हणजे कंप पावणाऱ्या पटलापुढे क्रमाक्रमाने रुंदावत जाणारी नळी जोडलेला ध्वनिक्षेपक होय. सभामंडपातला पत्र्याचा कर्णा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु घरी संगीत ऐकण्यासाठी बनविलेल्या कर्ण्यांची रचना आणि अपेक्षा दोन्ही वेगळ्या असतात. अलीकडे असा संच सहसा एकटा वापरला जात नाही. त्याच्या जोडीला खर्जासाठी सबवूफर आणि दोहोंची जुळणी करणारा अंकीय संकेत प्रक्रियक (डीएसपी) असतो. त्यामुळे दोन संचांची तुलना करताना ऐकू आलेला फरक कर्ण्याचा, सबवूफरचा, प्रक्रियकाचा की खोलीचा, हे वेगळे काढणे हीच चाचणीतील मुख्य अडचण ठरते.

कार्यतत्त्व

पटलाच्या मानाने हवा फार हलकी असते. उघड्या पटलाची बरीचशी हालचाल ध्वनी निर्माण न करताच वाया जाते. सामान्य घरगुती ध्वनिक्षेपकात विद्युत शक्तीपैकी जेमतेम १ टक्का ध्वनिरूपात बाहेर पडते. कर्ण्याच्या अरुंद कंठाशी पटलाला हवेचा अधिक विरोध मिळतो आणि शक्तीचे संक्रमण सुधारते. विद्युत रोहित्र जे काम करते, तेच हवेच्या बाबतीत कर्णा करतो.

याची किंमत आकारात मोजावी लागते. कर्ण्याच्या मुखाचा परीघ त्याच्या सर्वांत खालच्या वारंवारतेच्या तरंगलांबीइतका असावा, असा ढोबळ नियम आहे. ४० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर, म्हणजे मुखाचा व्यास सुमारे २.७ मीटर. असा कर्णा दिवाणखान्यात ठेवणे अशक्यच. तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, तर जमीन आणि दोन भिंती कर्ण्याचाच भाग बनतात आणि मुखाचे क्षेत्रफळ एक अष्टमांशावर आणता येते.

इतिहास

कर्ण्याचे गणिती समीकरण आर्थर वेबस्टर यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याविना चालणारा चलकुंडल ध्वनिक्षेपक मांडला, तरी बोलपटगृहांत कर्णेच टिकले. त्या काळचे विवर्धक फारच कमी शक्तीचे होते. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेतील आर्कन्सा राज्यातल्या होप या गावी १९४६ मध्ये ‘क्लिप्शहॉर्न’ या कोपऱ्यात ठेवायच्या, घडी घातलेल्या कर्ण्याचे उत्पादन सुरू केले. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांची बंदिस्त हवेवर चालणारी छोटी पेटी आली. पाठोपाठ स्टिरिओ आला आणि एका घरात दोन मोकळे कोपरे शोधण्याची वेळ आली. स्वस्त विवर्धकांनी कार्यक्षमतेचे महत्त्वही कमी केले.

संवेदनशीलता आणि तिचे परिणाम

संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्ट दाब देऊन १ मीटर अंतरावर मोजतात. हा दाब ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला १ वॉट देतो, ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला मात्र २ वॉट. म्हणून दुसऱ्याचा आकडा विनाकारण ३ डेसिबेलने फुगतो. मोजमाप मोकळ्या जागेतले की खोलीतले, हेही पाहावे लागते. सामान्य पेटीची संवेदनशीलता ८७ आणि मोठ्या कर्ण्याची १०५ डेसिबेल धरली, तर १८ डेसिबेलच्या या फरकामुळे तेवढ्याच आवाजासाठी कर्ण्याला सुमारे ६३ पट कमी शक्ती पुरते.

नेमका हाच गुण तुलनेत घात करतो. विवर्धकाची कळ न हलवता एक संच काढून दुसरा जोडला, तर कर्णा कितीतरी मोठ्याने वाजतो. आणि मोठा आवाज कानाला अधिक सुस्पष्ट व भरदार वाटतो. म्हणून ध्वनिपातळी कानाने नव्हे, तर ध्वनिग्राहकाने मोजून जुळवावी लागते. प्रक्रियकासारख्या विद्युत उपकरणांची तुलना करताना ही जुळणी ०.१ डेसिबेलपर्यंत नेण्याचा प्रघात आहे.

दुसरा परिणाम जाहिरातींत सहसा आढळत नाही. प्रक्रियक आणि विवर्धक यांचा स्वतःचा बारीक सुस्कारा असतो. ८७ डेसिबेलच्या पेटीतून जो ऐकूही येत नाही, तोच कर्ण्यातून १८ डेसिबेलने वाढून शांत खोलीत स्पष्ट जाणवतो. उपाय साधा आहे: प्रक्रियकाला पूर्ण पातळीचा संकेत द्यावा आणि पातळी त्याच्यानंतर, विवर्धकाच्या तोंडाशी उतरवावी. तेव्हा प्रक्रियकाची चाचणी ज्या ध्वनिक्षेपकावर झाली, त्याचा उल्लेख नसलेले निष्कर्ष कर्णेधारकाच्या फारसे उपयोगाचे नसतात.

मोजमाप

केवळ समोरून घेतलेला वारंवारता-प्रतिसाद पुरेसा नसतो, कारण श्रोत्यापर्यंत भिंतींवरून परतलेला ध्वनीही पोहोचतो. सीटीए-२०३४ या अमेरिकी प्रमाणात आडव्या आणि उभ्या वर्तुळावर दर १० अंशांनी, एकूण ७० मोजमापे घेतली जातात. ध्वनीला ठरावीक कोनात रोखून धरणे हे कर्ण्याचे वैशिष्ट्य असल्याने त्याच्याबाबत हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. हा कोन वारंवारतेनुसार वेडावाकडा बदलत असेल, तर कोणताही प्रक्रियक तो दोष दुरुस्त करू शकत नाही; प्रक्रियकाने केलेला बदल सर्व दिशांना सारखाच लागू होतो.

घरी मोजताना परावर्तने कापून टाकावी लागतात. पहिले परावर्तन ५ मिलिसेकंदांनी येत असेल, तर २०० हर्ट्झच्या खालचे मोजमाप विश्वसनीय राहत नाही. सबवूफरसाठी सीटीए-२०१० ही वेगळी पद्धत आहे. तीत छोट्या स्वरस्पंदांनी, विरूपण ठरावीक मर्यादेत राहून मिळणारा कमाल ध्वनिदाब मोजतात. एक सप्तक खाली तेवढाच दाब हवा असेल, तर पटलाला चौपट हवा सरकवावी लागते. सबवूफरचा खरा कस म्हणून २० हर्ट्झपाशी लागतो.

सबवूफर व प्रक्रियक यांची जुळणी

घडी घातलेल्या खर्जाच्या कर्ण्यात ध्वनीला आतून २ मीटर वाट चालावी लागते असे धरले, तर त्याला सुमारे ६ मिलिसेकंद उशीर होतो. ८० हर्ट्झचे एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे विलंब न देता जोडलेला सबवूफर कर्ण्याच्या जवळजवळ अर्धे आवर्तन पुढे जातो आणि जोडवारंवारतेवर दोघे एकमेकांना पुसून टाकतात. असा संच ऐकून ‘कर्ण्याशी सबवूफर जुळत नाही’ असा निष्कर्ष अनेकजण काढतात. विलंब बरोबर बसला आहे का, हे तपासण्यासाठी सबवूफरच्या तारा उलट जोडून पुन्हा मोजतात: जोडवारंवारतेवर खोल दरी पडली, तर मूळ जुळणी योग्य होती.

खोलीचे अनुनादही यात मिसळतात. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद ४० हर्ट्झला येतो. त्याचा उंचवटा प्रक्रियकाने कापता येतो. दरी मात्र भरता येत नाही. १० डेसिबेल वाढविण्यास दसपट शक्ती लागते आणि तरीही परावर्तित लाट तेवढ्याच जोराने तिला रद्द करते. अशा वेळी सबवूफरची जागा बदलणे किंवा दुसरा सबवूफर जोडणे अधिक फलदायी ठरते.

श्रवणचाचणी

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की ध्वनिक्षेपक डोळ्यांना दिसत असताना श्रोत्यांनी दिलेला कौल पडद्याआडच्या चाचणीत बदलतो. भव्य लाकडी कर्ण्याच्या बाबतीत हा धोका अधिकच संभवतो. ध्वनिक्षेपकांची जागा बदलली तरी ध्वनी बदलतो, म्हणून ते आळीपाळीने एकाच जागी आणावे लागतात. कोपऱ्यासाठीच बनविलेला कर्णा आणि भिंतीपासून दूर ठेवायची पेटी यांना हा नियम लावता येत नाही. तेथे प्रत्येकाला त्याची योग्य जागा द्यावी आणि तुलना संपूर्ण संचाची आहे, असे नमूद करावे.

दोन प्रक्रियकांचा फरक तपासताना एबीएक्स पद्धत वापरतात. १६ प्रयत्नांत १२ उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ अंदाजाने येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. येथे दोन्ही उपकरणांत गाळण्या सारख्याच बसवाव्या लागतात. अन्यथा तुलना उपकरणांची न होता ती बसविणाऱ्यांची होते.