चुलीमागची भिंत

नवे घर बांधणाऱ्या गृहस्थाला बैठकीच्या भिंतींचा रंग विचारला, तर तो आपली आवड सांगतो. चुलीमागच्या भिंतीला काय लावणार असे विचारले, की तोच गृहस्थ आवड सोडून उपयोगाची भाषा बोलू लागतो: जे चटकन पुसता येईल ते, ज्यावर डाग दिसणार नाही ते. ह्या चार हात भिंतीच्या बाबतीत माणसाने नेहमीच असे काहीतरी कारण पुढे केले आहे. ती कारणे मुळापासून पाहू लागले, की भट्टीचा विस्तव, समुद्रावरची लूट, रोगजंतूंचे भय आणि घरमाश्या अशा भलत्याच मंडळींची गाठ पडते.

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हा प्रश्न उद्भवलाच नाही. लाकूड आणि गोवऱ्या जाळणाऱ्या चुलीमागे कोणताच रंग टिकत नाही. काजळी हाच त्या भिंतीचा रंग. चुलीला रोज पोतेरे फिरवावे, भिंत मातीने लिंपावी, सणावारी चुन्याचा हात द्यावा आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा काळी झालेली पाहावी. भिंत स्वच्छ राहत नसे, पण ती नवी करता येई, आणि तेही घरच्याच मातीने.

भिंतीला पक्के, चकचकीत कवच घालण्याची कल्पना जिथे घरोघर रुजली, असा एक देश म्हणजे हॉलंड. अॅमस्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हर्मीर ह्या चित्रकाराचे दूध ओतणाऱ्या दासीचे चित्र आहे. ते १६६० च्या सुमारास काढलेले. सर्वांचे लक्ष त्या बाईच्या हाताकडे आणि दुधाच्या धारेकडे जाते. आपण मात्र तिच्या मागची भिंत पाहावी. ती साध्या चुन्याची आहे. तीवर खिळे आहेत आणि खिळे उपटल्याची भोकेही आहेत. फक्त अगदी खाली, जमिनीलगत, चित्रे काढलेल्या लाद्यांची एक ओळ दिसते आणि त्यांतल्या एका लादीवर इवलासा कामदेव धनुष्य घेऊन उभा आहे. पाणथळ देशातली ओल आणि फरशी पुसणारीचे ओले फडके जिथवर पोहोचते, तिथवरच लादी. चुलाण्याभोवतीही अशाच लाद्या बसवीत. डच गृहस्थाचा हा हिशेब मला मोठा शहाणपणाचा वाटतो.

ह्या लाद्या निळ्या का? सतराव्या शतकाच्या आरंभी त्या निळ्या नव्हत्याच. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांनी त्या भरून गेलेल्या असत. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी डचांनी 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज गलबत पकडले आणि त्यातली चिनी मातीची भांडी १६०४ मध्ये अॅमस्टरडॅमला लिलावात विकली. त्या शुभ्र-निळ्या भांड्यांनी सगळ्या देशाला वेड लावले. खरी चिनी माती डच कुंभारांजवळ नव्हती. त्यांनी साध्या मातीच्या लादीवर कथलाची पांढरी झिलई चढवली आणि तीवर कोबाल्टने चित्रे काढली. लाल रंग त्या आचेला धड उतरत नसे. निळा मात्र तग धरून राही. म्हणजे फॅशन चीनची आणि संमती भट्टीची! चित्र उठवायची रीत तर आपल्या रांगोळीच्या छापाची आठवण करून देणारी होती: कागदाला सुईने भोके पाडायची आणि वरून कोळशाची पूड झटकायची. ह्याच जातीच्या लाद्या पुढे उदयपूरच्या राजवाड्यात पोहोचल्या. तिथल्या 'चिनी चित्रशाळे'त त्या आज दिमाखाने मिरवतात. त्यांच्या हॉलंडातल्या बहिणींनी चुलीचा धूर खाल्ला, हे त्यांना कोण सांगणार?

एकोणिसाव्या शतकात लादीवरचे चित्र पुसले गेले. १८४० मध्ये इंग्लंडात प्रॉसरने कोरडी माती दाबून लादी पाडण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि लादी स्वस्त झाली. पुढे १८८२ मध्ये कॉख ह्या जर्मन वैद्याने क्षयाचा जंतू दाखवून दिला. मग इस्पितळ, दूधघर, खाटकाचे दुकान, १९०४ साली सुरू झालेली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे, सर्वत्र पांढऱ्या लाद्या चढल्या आणि स्वयंपाकघरानेही तोच वेष घेतला. पण पांढरा रंग जंतू मारीत नाही. तो मळ दाखवतो, एवढेच. काळी भिंत सर्वांच्याच नजरेतून सुटत होती. पांढरी भिंत साक्षीदार झाली, आणि ती साक्ष देई ती घरातल्या बाईविरुद्ध. भिंत निवडणारा एक आणि ती घासणारी दुसरी, हे अंतर ह्या शुभ्रतेने अधिकच वाढवले.

१९२६ मध्ये ही निवड एका स्त्रीच्या हाती आली. फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ह्या वास्तुशिल्पज्ञ बाईंनी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. ते जवळजवळ १०,००० घरांत बसवले गेले. बाईची पावले मोजून वस्तूंच्या जागा ठरवल्या होत्या. त्यातली कपाटे निळसर रंगवली, कारण निळ्या रंगावर माशी बसत नाही असे तेव्हाच्या जाणत्यांचे मत होते. पुन्हा आवड नव्हे, कारणच! आणि गंमत अशी, की हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगितले. श्रम वाचले हे खरे. पण त्या खोलीत दुसरे माणूस मदतीला उभे राहू शकत नसे, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे पांढरी लादी खरी शक्य झाली ती इंधन बदलल्यावर. १९६५ मध्ये कोलकात्यात इंडेनचा गॅस आला, पुढे तो गावोगाव पसरला. चूल जमिनीवरून ओट्यावर चढली, काजळी गेली आणि सहा इंची पांढऱ्या लाद्या आल्या. आता गुजरातेतल्या मोरबीत हव्या त्या रंगाची, हव्या त्या मापाची लादी तयार होते. संगमरवराची नक्कल करणारीही होते. पण काजळीची जागा फोडणीने घेतली आहे. तेलात मिसळलेली हळद झिलईवरून ओल्या फडक्याने निघते. दोन लाद्यांमधल्या पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात मात्र ती मुरते. म्हणून निवड करायचीच असेल तर लादीच्या रंगाआधी सांध्याचा रंग ठरवावा, आणि लादी मोठी घ्यावी, म्हणजे सांधे कमी येतील. हळदीचा डाग उन्हाने उडतो, हे धुणे वाळत घालणारी प्रत्येक बाई जाणते. पण चुलीमागच्या भिंतीवर ऊन क्वचितच पडते.