गंज, भंगार आणि भांगार

मुंबईतल्या बंद गिरण्यांचे, दारूखान्यात तोडायला घेतलेल्या जहाजांचे, कुलाब्याच्या ओस पडलेल्या मुकेश मिलचे फोटो हल्ली पुष्कळ काढले जातात. त्यांतल्या तांबूस, पोपडे सुटलेल्या पत्र्यांत आणि मोडक्या चाकांत अनेकांना सौंदर्य दिसते, मलाही दिसते. अशा फोटोंखाली सगळ्यांत आधी सुचणारा शब्द म्हणजे ‘गंज’, आणि तो दिसतो तेवढा सरळ नाही.

मराठीत गंज निदान तीन आहेत. एक लोखंडावरचा, दुसरा दूध तापवण्याचा, तिसरा राशीचा. तिसऱ्याचे मूळ फारसी ‘गंज’, म्हणजे खजिना. हा शब्द इराणी भाषांतून संस्कृतात फार पूर्वीच शिरला. कल्हणाच्या बाराव्या शतकातल्या राजतरंगिणीत तो कोशागार या अर्थाने भेटतो; खजिनदार तो ‘गंजवर’. उत्तरेतली दर्यागंज, हजरतगंज ही नावे याच कुळातली, आणि आपली गवताची गंजीही बहुधा त्याच घरची असावी. दुधाचा गंज साठवणीच्या अर्थाला धरून आलेला दिसतो.

लोखंडावरचा गंज मात्र या रांगेत बसत नाही. फारसीत त्याला ‘झंग’ म्हणतात. त्यावरून हिंदी-मराठीतला ‘जंग’ आला, आणि ‘झंगार’वरून तांब्यावरच्या हिरव्या थराचे नाव ‘जंगाल’. आता ‘जंग’मधल्या ज आणि ग यांनी जागा बदलल्या की ‘गंज’ तयार! वर्णविपर्ययाची अशी उदाहरणे मराठीत इतरही आहेत. गिरणीच्या फाटकावरचे कुलूपच घ्या. अरबी ‘कुफ्ल’, त्याचा ‘कुल्फ’, आणि त्याचे आपले ‘कुलूप’. गंजाचेही तसेच झाले असावे, असा माझा तर्क आहे. तो बरोबर असेल, तर खजिना आणि लोखंडाची झीज हे दोन परके शब्द मराठीत येऊन एकाच उच्चाराचे झाले. जपानीतही असाच योग आहे. तिथे गंज तो ‘साबी’, आणि जुनेपणातून उमलणाऱ्या सौंदर्याचे नावही ‘साबी’. लिहिण्याची चिन्हे तेवढी निराळी.

संस्कृताकडे वळलो तरी हीच दुहेरी चाल दिसते. लोहाच्या किट्टाला आयुर्वेद ‘मंडूर’ म्हणतो आणि त्याचे भस्म पांडुरोगावर देतो. ‘किट्ट’चे मराठी रूप ‘कीट’, जुन्या यंत्राला तेलाधुळीचे चढते ते. कोशकार ‘कलंक’ शब्दाचाही एक अर्थ लोखंडाचा गंज असा देतात. चंद्रावरचा तो डाग शोभेचाच मानण्याची संस्कृत कवींची रीत जुनी आहे.

खरा आनंद ‘भंगार’ शब्दापाशी येतो. ‘भञ्ज्’ म्हणजे मोडणे, त्यावरून भंग, आणि त्याच्याच वळणाने भंगार झाला असावा. पण भ वर एक काना द्या, की ‘भांगार’ होते, आणि भांगार म्हणजे सोने! ज्ञानेश्वरीत हा शब्द आहे, गोव्याच्या कोंकणीत आजही सोन्याला तेच नाव आहे. त्याचे मूळ ‘भृंगार’, म्हणजे सोन्याची झारी, असे सांगतात. दोन शब्दांची कुळे वेगळी, मध्ये अंतर फक्त एका कान्याचे.

दारूखान्यात हे अंतर आणखी कमी होते. फारसी ‘दारू’ म्हणजे मुळात औषध. मग ती बंदुकीची दारू झाली, आणि तिचे कोठार तो दारूखाना. रे रोडजवळच्या या किनाऱ्यावर पुढे जहाजे तोडली जाऊ लागली. १९६१ साली नौदलात आलेली आणि १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका इथेच २०१४ साली तोडायला घेतली. तिच्या पोलादाचा काही भाग २०१६ साली बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत वापरला गेला. भंगाराचे भांगार होते ते असे.

गिरण्यांतली यंत्रे ‘मोडीत’ निघाली. ‘मोडणे’चा मूळ धातू चुरडण्याच्या अर्थाचा, प्राकृतात ‘मोडइ’. पण मटकीला येतो तोही मोडच, आणि नोट देऊन घेतलेली चिल्लरही मोडच. बियाचे कवच फुटते म्हणून अंकुर ‘मोड’ झाला असावा. पडक्या भिंतीच्या फटीत पिंपळ उगवलेला फोटोत पाहिला, की दोन्ही अर्थ एकाच चौकटीत येतात. क्रियापदही पाहा: यंत्र मोडीत ‘काढतात’ आणि फोटोही ‘काढतात’.

‘ओस’ आणि ‘ओसाड’ यांत ‘वस्’, म्हणजे राहणे, हा धातू दडलेला दिसतो; वस्ती त्याचीच. ‘वस्त्र’ मात्र दुसऱ्या ‘वस्’चे, नेसण्याच्या अर्थाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर वस्त्र विणणारे गिरणगाव ओस पडत गेले. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. ‘चिमनी’ हा इंग्रजी शब्द मराठी कानाने ‘चिमणी’ असा ऐकला आणि धुराड्याला पाखराचे नाव मिळाले. ज्यांनी ते दिले, त्यांची घरे त्या धुरावर चालत होती. म्हणून इथल्या गंजाचे सौंदर्य पाहणाऱ्याने त्यामागची माणसे विसरू नयेत.

त्यांचे शब्दही विसरू नयेत. गिरणीतल्या मागाला ‘साचा’ म्हणत, विणकामाचे ते ‘साचा खाते’. आडवे सूत नेणारा तो ‘धोटा’. हे शब्द आज लोखंडाहून वेगाने झिजत आहेत. तेव्हा लालबाग-परळला कॅमेरा घेऊन गेलात, तर तिथल्या एखाद्या जुन्या कामगाराला आपला फोटो दाखवा, त्या मोडक्या भागाला काय म्हणत ते विचारा, आणि फोटोखाली तेच नाव लिहा.