जुनी गाडी, जाड ऑइल आणि बरोबर उत्तराचं चुकीचं कारण

"गाडी जुनी आहे ना, मग जाड ऑइल टाका." हा सल्ला कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो. बहुतेक वेळा त्याने कामही भागतं. पण का भागतं? इथे थोडा इतिहास बघावा लागतो.

1886 मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी गणिताने दाखवलं, की फिरणारा शाफ्ट बेअरिंगमध्ये तेलाच्या थरावर तरंगतो. हा थर टिकतो तो श्यानतेमुळे, म्हणजे तेलाच्या जाडपणामुळे. 1911 मध्ये अमेरिकेतल्या एसएई संस्थेने ऑइलचं वर्गीकरण केलं तेही श्यानतेवरच. डब्यावरचं '20डब्ल्यू-50' त्याच परंपरेतलं. म्हणजे लेबल जाडपणा सांगतं, आत काय मिसळलंय ते नाही.

आता प्रीमियर पद्मिनीचं इंजिन घ्या. त्यात कॅम टॅपेटवर घासत फिरतो. तिथे दाब इतका, की तेलाचा थर पिळला जातो आणि धातूला धातू लागतो. अशा जागी नुसता जाडपणा पुरत नाही, रसायन लागतं. ते म्हणजे झिंकचं एक संयुग, झेडडीडीपी. गंमत म्हणजे 1940 च्या दशकात ते ऑइलमध्ये आलं बेअरिंग गंजू नयेत म्हणून. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला.

पुढे गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले. झेडडीडीपीमधला फॉस्फरस त्यातला उत्प्रेरक निकामी करतो. म्हणून मानकांनी फॉस्फरस कमी करत आणला. 2004 च्या 'एपीआय एसएम' मानकात 5डब्ल्यू-30 सारख्या पातळ ग्रेडना 0.08 टक्क्यांची कमाल मर्यादा आली. 20डब्ल्यू-50 सारख्या जाड ग्रेडना मात्र ती लागू नव्हती.

आता गॅरेजमधला सल्ला पुन्हा वाचा. जाड ऑइलने कॅम वाचला असेल, तर श्रेय जाडपणाचं की त्यात शिल्लक राहिलेल्या फॉस्फरसचं? दोन्ही गोष्टी एकाच डब्यातून येतात, त्यामुळे नुसत्या अनुभवावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

म्हणून जुन्या गाडीसाठी ग्रेड मॅन्युअलमधून घ्या आणि झिंक-फॉस्फरसचं प्रमाण ऑइलच्या डेटाशीटमध्ये शोधा. आणि संशोधनाला बसाल तेव्हा प्रत्येक मोजमापाला आधी एवढंच विचारा: हे नेमकं काय मोजतं, आणि काय मोजत नाही? उत्तर बरोबर आलं म्हणजे कारणही बरोबर असतंच, असं नाही.