अणुवैद्यकीय रुग्ण व परिचारिकांना होणारा किरणोत्सर्ग

अणुवैद्यक किंवा न्यूक्लिअर मेडिसिन या शाखेत रुग्णाला किरणोत्सर्गी औषध तोंडावाटे वा शिरेतून देतात. एक्स-रे यंत्र बंद केले की किरण थांबतात. येथे औषध शरीरात असेपर्यंत रुग्णाच्या अंगातूनच गॅमा किरण बाहेर पडत राहतात. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला त्यातली किती मात्रा मिळेल, हे औषध कोणते व किती दिले यावर ठरते.

हाडांच्या स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-99एमचा अर्धायुकाल 6 तास आहे. स्कॅन आटोपून रुग्ण वॉर्डात येतो तेव्हा एक मीटरवर मात्रेचा दर ताशी काही मायक्रोसिव्हर्टच उरतो. अशा रुग्णाला सलाईन लावायला किंवा कूस बदलून द्यायला कचरण्याचे कारण नाही. पेट स्कॅनमधील फ्लोरिन-18चे किरण अधिक भेदक असतात, पण त्याचा अर्धायुकाल जेमतेम 110 मिनिटांचा.

खरी दक्षता लागते ती आयोडीन-131च्या वॉर्डात. त्याचा अर्धायुकाल 8 दिवस. मुंबईत परळला 1963 मध्ये सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणी थायरॉइडच्या कर्करोगावर हे औषध दिले जाते. 3,700 मेगाबेकरेल दिल्यानंतर लगेच रुग्णापासून एक मीटरवर ताशी सुमारे 200 मायक्रोसिव्हर्ट दर असतो. तिथे दहा मिनिटे थांबल्यास तीस-पस्तीस मायक्रोसिव्हर्ट मिळतात. दोन मीटरवर थांबल्यास त्याच्या पाव. म्हणून अनुभवी सिस्टर गोळ्या, ताट, चादरी बाहेरच तयार करून मग आत जातात आणि विचारपूस दारातून किंवा इंटरकॉमवर करतात. अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन येथे फारसा कामाचा नाही. आयोडीनचे बहुतेक किरण त्यातून आरपार जातात, आणि एप्रनच्या ओझ्याने काम मात्र लांबते.

दुसरा धोका स्पर्शाचा. आयोडीनचा बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीतून निघून जातो. लाळेत आणि घामातही तो असतो. औषध घेतल्याबरोबर उलटी झाली, तर त्यात जवळजवळ सगळी मात्रा असू शकते. हातमोजे व बुटांवरील आवरणे घालूनच ती आवरावी, जागा झाकून वेगळी करावी आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवावे. कॅथेटर असल्यास लघवीची पिशवी हाच एक वेगळा स्रोत समजावा. रुग्णाचा जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र उपचार आधी, मोजमाप नंतर.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा घातली आहे: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30. परिचारिकेने गरोदरपण कळवल्यानंतर गर्भाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, असा नियम आहे. तिला आयोडीन वॉर्डातून दुसरीकडे नेमणे श्रेयस्कर. छातीवर लावायचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासला जातो. पण बॅज बाहेरून येणारे किरण मोजतो; हाताला लागून पोटात गेलेले आयोडीन त्यात दिसत नाही, त्यासाठी थायरॉइडची वेगळी मोजणी करावी लागते. चादरी बदलणाऱ्या आया आणि फरशी पुसणारे वॉर्डबॉय यांनाही हे सारे शिकवणे तितकेच गरजेचे आहे.