नावात काय आहे म्हणता? युटाच्या मॉर्मन लोकांना विचारा

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या गावच्या ग्रुपवर एक रील फिरत होतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातली एक मॉर्मन आई आपल्या पाच पोरांची नावं सांगते आणि ऐकणारा डोक्याला हात लावतो. खाली आपल्या लोकांच्या कमेंट. एकाने लिहिलं, "ही नावं आहेत की तापाच्या गोळ्या?" मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण वीस वर्षं बातमीदारी केल्यावर एक खोड लागते. हसून झालं की "पण असं का?" हा प्रश्न झोपू देत नाही. शोधत गेलो तर दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात १८३० ची. न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या चोवीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराने एक जाड ग्रंथ छापला, 'बुक ऑफ मॉर्मन'. एका देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण तो भाषांतरित केला, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी त्याने आपलं चर्च स्थापन केलं. ग्रंथ खरा की खोटा हा वाद तेव्हापासून चालू आहे, त्यात आपण पडायला नको. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की त्या ग्रंथात बायबलमधल्या माणसांत न सापडणारी नावं भरपूर होती. नीफाय, लीहाय, मोरोनाय, हीलमन, अशी. नव्या पंथाला नवा ग्रंथ मिळाला आणि ग्रंथाबरोबर नावांचं गाठोडंही मिळालं.

त्या गाठोड्यातलं सगळ्यात वजनदार नाव मात्र ग्रंथात छापलेलंच नाही. ग्रंथात एक मोठा भक्त येतो, पण त्याला शेवटपर्यंत फक्त 'जॅरेडचा भाऊ' म्हटलंय. मॉर्मन परंपरेत गोष्ट सांगतात ती अशी. ओहायोतल्या कर्टलंड गावी रेनॉल्ड्स कहून नावाच्या अनुयायाच्या घरी मूल जन्मलं. दारावरून जोसेफ स्मिथ चालला होता. बापाने हाक मारून आत बोलावलं आणि म्हणाला, लेकराला आशीर्वाद द्या, नाव ठेवा. स्मिथने नाव ठेवलं, माहोन्राय मोरिअँकुमर. मूल परत ठेवताना म्हणाला, जॅरेडच्या भावाचं नाव हेच होतं, देवाने मला आत्ता सांगितलं. ही हकीकत छापून आली ती १८९२ मध्ये, म्हणजे कितीतरी वर्षांनी. पण नाव तोवर चालू लागलं होतं. पंथाचा दुसरा पुढारी ब्रिगॅम यंग यानेही एका मुलाचं नाव माहोन्राय मोरिअँकुमरच ठेवलं. त्याचा मुलगा, म्हणजे ब्रिगॅमचा नातू माहोन्राय यंग, अमेरिकेतला नावाजलेला शिल्पकार झाला. सॉल्ट लेक सिटीतलं १९१३ चं सीगल पक्ष्यांचं स्मारक आणि १९४७ चं 'धिस इज द प्लेस' स्मारक ही दोन्ही त्याचीच.

आता मधला काळ बघा. या लोकांना कुठेच टिकू दिलं नाही. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढला की यांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा. तो हुकूम अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ उजाडलं! तिथून इलिनॉयमध्ये गेले, तर तिथे १८४४ मध्ये तुरुंगात असलेल्या जोसेफ स्मिथला आणि त्याचा भाऊ हायरमला जमावाने गोळ्या घालून मारलं. मग ब्रिगॅम यंगच्या मागे हजारो कुटुंबं बैलगाड्या घेऊन निघाली. ब्रिगॅम यंग स्वतः २४ जुलै १८४७ ला सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात पोचला. युटात आजही त्या दिवशी सुट्टी असते.

पोचून पंधरा दिवस होतात न होतात तोच, ९ ऑगस्टला, तिथे त्यांचं पहिलं मूल जन्मलं. मुलगी. आईबाप जॉन आणि कॅथरिन स्टील. तिचं नाव ठेवलं यंग एलिझाबेथ. 'यंग' म्हणजे लहान नव्हे हो, तर ब्रिगॅम यंगचं आडनाव! आणि एलिझाबेथ इंग्लंडच्या राणीवरून. बाप आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. जुना देश आणि नवा पुढारी, दोन्ही एका पोरीच्या नावात बसवले. डोक्यावर छप्पर नाही, पुढचं पीक येईल की नाही माहीत नाही, अशा वेळी माणूस नाव ठेवतो ते गंमत म्हणून नाही. आम्ही कोण आणि कुठून आलो, हे लिहून ठेवायला दुसरा कागदच नसतो.

मग या लोकांनी नकाशावरही तेच केलं. युटात आज नीफाय, लीहाय, मोरोनाय नावाची गावं आहेत. मारल्या गेलेल्या भावाच्या नावाने हायरम गाव आहे. बायबलमधला 'हिरम' इथे वेगळ्या स्पेलिंगने हायरम झाला, म्हणजे स्पेलिंगची हौस पहिल्या पिढीपासूनची म्हणायची! आख्ख्या प्रदेशाला 'डेझरेट' म्हणा, अशी मागणी त्यांनी केली होती. ग्रंथातला शब्द, अर्थ मधमाशी. अमेरिकन संसदेने ते मानलं नाही. १८५० मध्ये तिथल्या युट जमातीवरून 'युटा' नाव दिलं. हेही सांगितलं पाहिजे की नाव जमातीचं राहिलं, पण जमीन काही जमातीकडे राहिली नाही.

बरं, चमत्कारिक नावं ठेवायला मोकळीक कशी मिळाली? त्याचं एक कारण त्यांच्या विधीत आहे. कॅथलिक घरात बाप्तिस्मा तान्हेपणी होतो आणि संतांची नावं ठेवायची जुनी पद्धत आहे. मॉर्मन लोकांत बाप्तिस्मा आठव्या वर्षी. तान्ह्या बाळाचा फक्त नाव आणि आशीर्वादाचा विधी असतो. आपल्याकडे आत्या कानात नाव सांगते, तिथे बहुतेक वेळा बाप चर्चमध्ये सगळ्यांसमोर बाळाला हातावर घेऊन नाव उच्चारतो. नाव कुठल्या यादीतलंच हवं असा दंडक नाही.

दुसरं कारण व्यवहारातलं. घरं मोठी. १८९० पर्यंत बहुपत्नीत्व चर्चला मान्य होतं. हीबर किम्बल नावाच्या पुढाऱ्याला पासष्ट मुलं होती. ब्रिगॅम यंगच्या बायकांमध्ये ल्यूसी नावाच्याच दोघी होत्या! त्यात डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनहून जहाजं भरून लोक आले. जेन्सन, हॅन्सन, पीटरसन, ख्रिस्तेन्सन ही आडनावं गल्लोगल्ली. एफ्राइम नावाच्या गावात तर एकाच नावाची इतकी माणसं झाली की टोपणनावाशिवाय माणूस ओळखता येईना, आणि पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्या टोपणनावांवर लेख लिहिले. आपल्याकडे एका भावकीत चार पांडुरंग असले की 'चक्कीवाला पांडू' आणि 'मास्तराचा पांडू' होतात, तोच प्रकार. आडनाव एक, देव एक, चर्च एक, शेजारी सगळे नातेवाईक. मग वेगळेपणाला जागा उरली फक्त पहिल्या नावात.

म्हणजे पहिल्या काळात नाव सांगत होतं, "आम्ही जगापेक्षा वेगळे." पुढे आपलंच बहुमत झाल्यावर नाव सांगू लागलं, "मी आमच्यांपेक्षा वेगळा." माझ्या मते मॉर्मन नावांची सगळी गोष्ट या दोन वाक्यांच्या मधे आहे.

विसाव्या शतकात 'ला' लावलेल्या नावांची लाट आली. लाव्हेल, लाव्हॉन, लाव्हार. बरं, ही सगळी बायकांची नावं नव्हेत. १९३० साली जन्मलेले लाव्हेल एडवर्ड्स हे चर्चच्याच ब्रिगॅम यंग विद्यापीठाचे नामांकित फुटबॉल प्रशिक्षक. एकोणतीस हंगाम संघ सांभाळला आणि आज तिथलं स्टेडियम त्यांच्या नावाने आहे. त्याआधीचे अल्मा रिचर्ड्स बघा. बाकी अमेरिकेत अल्मा हे बाईचं नाव, मॉर्मन ग्रंथात ते पुरुषाचं. युटातल्या पॅरोवान गावच्या या अल्माने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सोनं जिंकलं. आणि डिस्नेच्या १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधला तो बोलणारा जादूचा आरसा आठवतो? तो आवाज मोरोनाय ओल्सन या नटाचा. गाव ऑग्डेन, युटा.

आजची पिढी ग्रंथातली नावं कमी ठेवते. आता ब्रिनली, ओकली, जॅक्सन असली नावं आणि तीही प्रत्येकाची वेगळ्या स्पेलिंगने. 'ट्वायलाइट'ची लेखिका स्टेफनी मायर याच समाजातली. बापाचं नाव स्टीफन, त्याला पुढे दोन अक्षरं जोडून पोरीचं नाव केलं, म्हणून तिचं स्पेलिंग नेहमीच्या स्टेफनीपेक्षा वेगळं आहे. तिने आपल्या कादंबरीत दोन आज्यांची नावं जोडून नातीला नाव दिलं 'रेनेस्मी', रेने अधिक एस्मी. वाचक हसले, पण बाईच्या स्वतःच्या घरातलीच पद्धत ती. आणि एक खरं सांगून टाकतो. युटाच्या सरकारी यादीत वर दिसतात ती ऑलिव्हर, ऑलिव्हिया असली साधीच नावं. रीलमध्ये येतात ती निवडलेली असतात. साधं नाव व्हायरल होत नाही.

'मॉर्मन' हेसुद्धा त्यांनी स्वतः घेतलेलं नाव नाही, बरं का. ग्रंथावरून विरोधकांनी चिकटवलेलं ते टोपणनाव. त्यांनी ते पुढे स्वीकारलं, मिरवलं. २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की आता पुरे, आमचं पूर्ण नाव घ्या, 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबरनॅकल कॉयरच्या नावातूनही तो शब्द गेला. मी या पोस्टमध्ये तो वापरला तो तुम्हाला ओळखीचा म्हणून.

आता हसू थांबवणाऱ्या दोन गोष्टी.

पहिली. तो नाव ठेवण्याचा विधी चर्चमध्ये पौरोहित्याचा अधिकार मिळालेला पुरुषच करतो. सामान्य घरातल्या बापालाही हा अधिकार मिळतो. पण १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना तो नव्हता. म्हणजे बाप श्रद्धाळू असला तरी स्वतःच्या लेकराला चर्चमध्ये स्वतः नाव देऊ शकत नव्हता. ज्या समाजाला दुसऱ्यांनी हाकललं, त्यानेच घरातल्या काहींना दाराशी उभं ठेवलं.

दुसरी. ते 'ला' आठवतंय ना? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरांतही 'ला'ची नावं आहेत, लाटोया, लकिशा. बर्ट्रांड आणि मुल्लइनाथन या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमध्ये नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच, फरक नावाचा. २००४ मध्ये निष्कर्ष छापला. एमिली, ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना लकिशा, जमाल यांच्यापेक्षा पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. गोऱ्या लाव्हेलच्या नावाचं स्टेडियम होतं आणि लकिशाला फोनही येत नाही. नाव दोघांचंही आगळं, पण हसण्याची किंमत एकालाच पडते.

आता माझा कबुलीजबाब. बातमीदारीत नवा होतो तेव्हा मतदार यादीतल्या विचित्र नावांवर एक चौकट लिहिली होती. दगडू, धोंडू, केरू. लोकांना आवडली, संपादक खूश. दोन दिवसांनी सत्तरीचे एक बाबा कात्रण घेऊन कचेरीत आले. म्हणाले, "दादा, मी केरू. छापलं त्याचं काही नाही. पण माझ्या आधीची तीन गेली. चौथा टिकावा म्हणून आईनं मला केरात ठेवून परत उचललं. तिनं देवाला फसवलं, तुम्ही हसताय कुणाला?" मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही. कात्रण माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्या चौकटीची दुरुस्ती मी कधी छापली नाही. ही पोस्ट तीच समजा.

तुमच्या घरात असं एखादं नाव असेल, लोक हसतात पण मागे गोष्ट आहे, तर कमेंटमध्ये लिहा. आजी-आजोबा असतील तर आधी त्यांना विचारून घ्या. आणि ग्रुपवर ते रील परत आलं, तर हसा बेलाशक. फक्त हसून झालं की एकदा विचारा, "पण असं का?"