झरण्यांचा संग्रह आणि लेखनाचा इतिहास

महाराष्ट्रातील लेखनाच्या इतिहासात लिपी, कागद आणि दफ्तर यांची चर्चा विपुल झाली आहे. लेखणीची त्या मानाने फारच थोडी. जुन्या फाउंटनपेनांचा, म्हणजे झरण्यांचा, संग्रह करणाऱ्या छांदिष्टांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. तथापि त्यांची पारख आणि इतिहासाची गरज यांत एक मूलभूत विरोध आहे, आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे.

१८८४ साली न्यूयॉर्क येथे लुइस वॉटरमन याने झरणीचे पेटंट मिळविले. निबेखालच्या जिभेवरील सूक्ष्म खाचांतून शाई उतरावी व तिच्या जागी हवा आत शिरावी, ही तिच्यातील युक्ती होय. बोरू काय किंवा टाक काय, दोन्ही पुन्हापुन्हा दौतीत बुडवावे लागत. मोडी ही तर हात शक्यतो न उचलता लिहावयाची लिपी. न थांबणारी लेखणी सर्वांत अधिक तिलाच उपयोगी पडावयाची. परंतु झरणी सर्वसामान्यांच्या खिशाला लागली तो काळ नेमका मोडीच्या ओहोटीचा. झरणीने लिहिलेले मोडी कागद आढळतात, नाही असे नाही. पण बोरूच्या तिरप्या छाटामुळे उमटणारी जाड-बारीक रेघ त्यांत सहसा दिसत नाही.

पुढे स्वदेशीचा विचार याही क्षेत्रात आला. १९३१ साली मुंबईस गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला. 'कॅमल' शाई ही त्याच उद्योगाची पुढील पायरी. आंध्रातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी त्याच दशकात देशी झरणी सिद्ध केली.

आता संग्राहकाची पारख पाहावी. मूळची निब, न विटलेले एबोनाइट, ठळक मुद्रा आणि शक्य तर मूळची डबी, अशी त्याची अपेक्षा असते. उजेडाने एबोनाइट तपकिरी पडते, आतील रबरी पिशवी कुजते. म्हणून तो झरणी घासूनपुसून, भाग बदलून पूर्ववत् करतो. इतिहासाचा पुरावा नाहीसा होतो तो याच वेळी. निबेचे टोक कोणत्या बाजूने झिजले यावरून लिहिणाराने लेखणी कशी धरली ते कळते. परदेशी नळीवर बसविलेली स्वस्त देशी निब दुरुस्तीच्या व्यवसायाची आणि मालकाच्या ऐपतीची साक्ष देते.

अकोले तालुक्यातील राजूरचे उदाहरण घ्यावे. प्रवरेच्या खोऱ्यातील हे बाजाराचे गाव. जवळच भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. अशा ठिकाणी झरणी बाळगणारे म्हणजे शिक्षक, तलाठी, कचेरीतील कारकून, एखादा व्यापारी. त्यांच्या जोडतोडीच्या झरणीला बाजारात मोल नाही, म्हणून ती संग्रहात येत नाही. आणि संग्रहांवरून इतिहास लिहू गेल्यास तो केवळ श्रीमंत शहरवासीयांचा होतो.

पुण्यास दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेला संग्रह १९७५ साली शासनास सुपूर्त केला. दिवे, अडकित्ते, दौती अशा हाताळून झिजलेल्या वस्तूंना त्यांनी मान दिला. झरणीसही हीच दृष्टी लावावयाची तर ती धुण्यापूर्वी आतील वाळलेली शाई, बदललेले भाग, टोकाची झीज आणि ती कोणाच्या घरून आली याची टिपणी करून ठेवावी लागेल.